आधी खरं, मग हूल

१२ फेब्रुवारी २०२३. अॅरिझोनातल्या ग्लेनडेल शहरात अमेरिकन फुटबॉलचा ५७वा सुपर बोल चालू होता. शेवटच्या सत्रात कॅन्सस सिटी चीफ्स २१–२७ असे मागे होते आणि फिलाडेल्फिया ईगल्सची गोलरेषा पाच यार्डांवर होती. चीफ्सचा कॅडेरियस टोनी उजव्या कडेला उभा होता. चेंडू खेळात येण्याआधीच तो मैदानाच्या मध्याकडे आडवा निघाला. समोरच्या बचावपटूंनी ते पाहिलं आणि लगेच हिशेब बदलायला घेतला: हा आता पलीकडे जाणार, त्याला तिकडच्यांनी घ्यावं. नेमक्या त्या क्षणी चेंडू मागे आला. टोनीने पाय रोवला, गर्रकन वळला आणि ज्या कडेवरून निघाला होता तिकडेच परत धावला. तिथे त्याच्या आसपास एकही माणूस नव्हता. साधा झेल, गोलरेषा पार, टचडाउन. थोड्याच वेळात डाव्या कडेला स्काय मूरने हाच प्रकार आरशात पाहावा तसा उलटा करून दाखवला, आणि तोही तसाच एकटा सापडला. चीफ्सनी सामना ३८–३५ असा जिंकला.

ईगल्सचा बचाव दुबळा मुळीच नव्हता. त्या मोसमाच्या साखळी सामन्यांत त्यांनी प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू हाती घेऊन डाव चालवणाऱ्याला, तब्बल ७० वेळा, चेंडू हातातून सुटण्याआधीच, लोळवलं होतं. मग इतके कसलेले खेळाडू, वर्षातल्या सर्वांत मोठ्या सामन्यात, काही मिनिटांच्या अंतराने दोनदा त्याच प्रकाराला कसे फसले? गाफील राहिले, असं म्हणून आपण मोकळे होतो. मला ते पटत नाही. गाफील असते तर ते फसलेच नसते, कारण जो बघतच नाही त्याला हूल देता येत नाही. ते बघत होते, बघितल्याचा अर्थ लावत होते आणि शिकवल्याबरहुकूम वागत होते. अमेरिकन फुटबॉलमधल्या फसव्या धावांबद्दल मला जे सांगायचं आहे त्याचं मूळ इथेच आहे. या खेळातली हूल प्रतिस्पर्ध्याच्या अज्ञानावर पोसली जात नाही, त्याच्या अभ्यासावर पोसली जाते. आधी काहीतरी खरं असावं लागतं, ते पुनःपुन्हा दिसावं लागतं, समोरच्याने त्यावर विश्वास ठेवावा लागतो. मगच एखाद्या वेळी ते खोटं करून दाखवता येतं.

हे नीट कळायला खेळाचा सांगाडा डोळ्यांपुढे हवा. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. गोलरेषांमधलं अंतर १०० यार्ड, मैदानाची रुंदी १६० फूट, म्हणजे ५३ यार्डांहून थोडी जास्त. आक्रमण करणाऱ्या संघाला दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. तेवढं साधलं की पुन्हा चार. दर प्रयत्नाची सुरुवात मधल्या खेळाडूने, म्हणजे सेंटरने, दोन पायांमधून चेंडू मागे देऊन होते. त्याला स्नॅप म्हणतात. स्नॅपआधी आक्रमणाला स्तब्ध राहावं लागतं आणि निदान सात जण पुढच्या रेषेवर असावे लागतात. एकापेक्षा जास्त खेळाडूंनी जागा बदलली तर सगळ्यांनी मिळून एक पूर्ण सेकंद थांबल्याशिवाय चेंडू खेळात आणता येत नाही. या कडक शिस्तीला एकच खिडक आहे: स्नॅपच्या क्षणी एका, फक्त एका खेळाडूला हलत राहण्याची मुभा असते. त्याने आडवं जावं किंवा मागे जावं. पुढे, रेषेच्या दिशेने, जाता कामा नये. या हालचालीला नुसतं ‘मोशन’ म्हणतात. एकवीस माणसं दबा धरून बसलेली आणि एकच धावतोय, असं दृश्य असेल तर नजर कुठे जाणार, हे सांगायला नको.

आता बचावाच्या बाजूने बघू. रेषेच्या चार-पाच यार्ड मागे लाइनबॅकर उभा असतो. चेंडू कुठे जाणार हे ओळखून तिथे पोचणं हे त्याचं काम. पण चेंडूकडे बघत बसला तर त्याला उशीर होतो, कारण समोर धिप्पाड माणसांची भिंत असते आणि तिच्यामागे चेंडू दिसतच नाही. म्हणून त्याला लहानपणापासून चेंडूऐवजी खुणा वाचायला शिकवतात. सेंटरच्या दोन्ही अंगांना असणारे गार्ड ही त्यातली सर्वांत भरवशाची खूण. गार्ड सरळ पुढे घुसला तर धाव मधून आहे. तो मागे सरकून उभा राहिला तर चेंडू फेकला जाणार आहे. तो आपली जागा सोडून कडेला धावू लागला तर धाव त्या कडेला आहे, कारण चेंडूवाल्यासाठी वाट मोकळी करायला तो पुढे निघालाय. हे सगळं वाचून पहिलं पाऊल टाकायला लाइनबॅकरकडे निमिषभराचा वेळ असतो. हिशेबच करायचा तर चपळ धावपटू ४० यार्ड साडेचार सेकंदांच्या आसपास कापतो, म्हणजे अर्ध्या सेकंदात चार यार्डांहून जास्त. बचावपटूचं एक पाऊल उलट दिशेला पडलं, ते सावरून परत यायला अर्धा सेकंद गेला, की ही चार यार्ड गेलीच. दहा यार्डांसाठी जिथे चार प्रयत्न मिळतात, तिथे चार यार्ड म्हणजे चैन नव्हे, पोटभर जेवण आहे.

खो-खो पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत मागे फिरता येत नाही; पळणारा त्याला दिशा घ्यायला लावतो आणि मग उलटा सटकतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये असा लेखी नियम नाही, पण शंभर किलोंहून जड शरीराचा वेग तोच नियम लागू करतो. वजन एका पायावर गेलं की दिशा घेतली गेली. म्हणून प्रतिस्पर्ध्याला पाडण्याच्याही आधी आक्रमणाला हवं असतं ते त्याचं पहिलं चुकीचं पाऊल.

या घटकेला सर्वत्र दिसणारी ‘जेट स्वीप’ जवळून पाहण्यासारखी आहे. कडेला उभा असलेला, एरवी फेकी झेलणारा वेगवान रिसीव्हर स्नॅपआधी आडवा धावत सुटतो. तो क्वार्टरबॅकपाशी पोचायच्या बेताला सेंटर चेंडू मागे देतो. क्वार्टरबॅकच्या हाती चेंडू क्षणभरच असतो. समोरून भरधाव जाणाऱ्याच्या पोटाशी तो ठेवला की झालं. बाकीचे सगळे स्तब्धतेतून सुरुवात करतात, हा एकटा आधीच पूर्ण वेगात असतो, त्यामुळे कडेपर्यंतची शर्यत तो सुरू होतानाच अर्धी जिंकलेला असतो. काही संघ चेंडू हातात न देता दोन बोटांनी ढकलल्यासारखा किंचित पुढे उडवतात. त्यात शहाणपण आहे: तो नियमाने पुढे फेकलेला चेंडू ठरतो, त्यामुळे हातून निसटला तरी फक्त एक प्रयत्न वाया जातो, चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडत नाही. पण खरी गंमत पुढे आहे. ही धाव दोन-तीनदा यशस्वी झाली की रिसीव्हरला चेंडू देण्याची गरज उरत नाही. तो तसाच आडवा धावत जातो, कडेचे बचावपटू त्याच्याबरोबर सरकतात आणि चेंडू मात्र क्वार्टरबॅकजवळ उभा असलेला धावपटू, रनिंग बॅक, मधल्या रिकाम्या जागेतून घेऊन जातो. बहुतेक वेळा मोशनमधल्या माणसाला चेंडू मिळतच नाही. मिळू शकतो, एवढीच त्याची धमकी पुरेशी असते. आणि ती खरी वाटते, कारण कधीकाळी ती खरी ठरलेली असते.

मोशनचं आणखी एक काम आहे, आणि ते फसवण्याइतकंच मोलाचं आहे: विचारणं. आडव्या धावणाऱ्यामागे एखादा बचावपटू मैदानभर पळत गेला, तर बचाव माणसाला माणूस लावून खेळतोय. सगळे जागच्या जागी थोडे सरकले, तर प्रत्येकाने आपापला इलाखा वाटून घेतलाय. म्हणजे एक माणूस हलवून आक्रमण प्रश्न टाकतं, आणि बचावाला पायांनी उत्तर द्यावंच लागतं.

हे आज-कालचं शास्त्र नाही. ८ डिसेंबर १९४०ला वॉशिंग्टनच्या ग्रिफिथ स्टेडियमवर अजिंक्यपदाचा सामना झाला. शिकागो बेअर्स समोर होते, आणि तीनच आठवड्यांपूर्वी वॉशिंग्टनने त्यांना ७–३ असं हरवलं होतं. बेअर्सचे प्रशिक्षक जॉर्ज हॅलस आणि त्यांना मदत करणारे क्लार्क शॉनेसी यांची ‘टी’ मांडणी त्या काळात वेगळी होती. इतर बहुतेक संघ जी ‘सिंगल विंग’ मांडणी वापरत, तीत चेंडू काही यार्ड मागे उभ्या खेळाडूकडे थेट जाई. तो सगळ्यांना दिसे. ‘टी’मध्ये क्वार्टरबॅक सेंटरला चिकटून उभा राहतो, चेंडू घेताच बचावाकडे पाठ करतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी धावणाऱ्यांपैकी कोणाला त्याने चेंडू दिला, हे समोरून कळत नाही. जोडीला एक माणूस मोशनमध्ये. क्वार्टरबॅक सिड लकमनने पहिला प्रयत्न खेळला तो मुळी परीक्षा घेण्यासाठी: तीन आठवड्यांपूर्वीच्या सामन्यात मोशनला वॉशिंग्टनचा बचाव जसा सरकत होता, तसाच आजही सरकतो का? सरकला. दुसऱ्याच प्रयत्नात बिल ओस्मान्स्की ६८ यार्ड धावून टचडाउन करून आला. सामना संपला तेव्हा फलक होता ७३–०. लोकांना आठवतो तो आकडा. मला त्याहून मोलाचा वाटतो तो पहिला प्रयत्न. वॉशिंग्टनचे खेळाडू विसराळू नव्हते. आधीच्या सामन्यात ज्या शिस्तीने ते जिंकले होते, तीच शिस्त त्यांनी पाळली. बेअर्सना हवं होतं ते नेमकं हेच सातत्य.

विश्वासाची खूण कोणती, हे ओळखून तिथेच घाव घालणं ही या कलेतली पुढची पायरी. १९८०च्या दशकात जो गिब्ज यांच्या वॉशिंग्टन संघाने ‘काउंटर’ धावेला जवळजवळ सहीसारखं वापरलं. त्यात रनिंग बॅक पहिलं पाऊल एका दिशेला टाकतो, पुढची भिंतही तिकडेच कलते, आणि बचाव तिकडे झुकतो. त्याच वेळी त्याच बाजूचे दोन धिप्पाड खेळाडू, गार्ड आणि त्याच्या बाहेरच्या अंगाचा टॅकल, आपल्या जागा सोडून भिंतीमागून उलट दिशेला धावतात. रनिंग बॅक दुसऱ्याच पावलाला वळतो आणि त्यांच्या मागोमाग घुसतो. ३१ जानेवारी १९८८च्या सुपर बोलमध्ये वॉशिंग्टनने डेन्व्हरला ४२–१० असं हरवलं. त्या दिवशी कारकिर्दीत पहिल्यांदाच सुरुवातीपासून खेळणाऱ्या टिमी स्मिथने सगळ्या धावा मिळून २०४ यार्ड कापले. सुपर बोलमधला तो विक्रम आहे, आणि त्यातला मोठा वाटा या काउंटरचा होता. एक नवखा पोरगा एका रात्रीत महान झाला नव्हता. वर्षानुवर्षं वॉशिंग्टनची भिंत समोरच्याला सरळ रेटत आली होती. त्या रेट्याची धास्ती होती, म्हणून पहिल्या खोट्या पावलालाही वजन होतं.

इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो हलका नाही. आक्षेप असा: हूल-बिल सगळं ठीक, पण या खेळातली मोठी साम्राज्यं ताकदीवर आणि नेटक्या अंमलबजावणीवर उभी राहिली. व्हिन्स लोम्बार्डी यांच्या ग्रीन बे पॅकर्सकडे बघा. १९६०च्या दशकात त्यांनी पाच अजिंक्यपदं मिळवली, त्यात पहिले दोन सुपर बोल आले. त्यांचं मुख्य हत्यार होतं स्वीप: दोन्ही गार्ड जागा सोडून कडेला धावतात आणि त्यांच्या मागून रनिंग बॅक. लपवाछपवी काही नाही. अख्ख्या देशाला ती धाव ठाऊक होती, तरी थांबवता येत नव्हती. मग हुलीची गरज काय?

या आक्षेपाला लोम्बार्डींच्याच सर्वांत गाजलेल्या सामन्याने उत्तर दिलं आहे. ३१ डिसेंबर १९६७, ग्रीन बे, तापमान शून्याखाली सुमारे २५ अंश सेल्सिअस. मैदान गोठून दगड झालेलं. डॅलस काउबॉईज १७–१४ने पुढे, वेळ संपत आलेली, आणि पॅकर्स गोलरेषेपासून ११ यार्डांवर. डॅलसचा बॉब लिली हा त्या काळातला अव्वल बचावपटू. इतका चलाख, की समोरचा गार्ड जागा सोडून निघाला की तो क्षणात ते ताडून त्याच्या मागे लागायचा आणि स्वीप मोडायचा. पॅकर्सचा क्वार्टरबॅक बार्ट स्टारने त्याच चलाखीवर डाव मांडला. डावा गार्ड गेल गिलिंगहॅम स्वीपला निघतो तसा उजवीकडे धावला. लिलीने खूण ओळखली, त्याच्यामागे गेला, आणि तो जिथे उभा होता तिथेच भगदाड पडलं. शेजारच्या टॅकलने, बॉब स्कोरॉन्स्कीने, कडेच्या बचावपटूला अडवून धरलं, आणि चक मर्सीन त्या रिकाम्या जागेतून आठ यार्ड जाऊन तीन यार्डांच्या रेषेवर पोचला. थोड्या वेळाने स्टार स्वतः गोलरेषेत घुसला आणि सामना २१–१७ असा जिंकला. आठवणीत राहिली ती शेवटची एका यार्डाची घुसखोरी. पण तिथपर्यंतची वाट एका खोट्या खुणेने उघडली होती. आणि ती खोटी खूण खपली का? कारण त्याआधी अनेक वर्षं पॅकर्सचा गार्ड धावला की स्वीपच येत होती. दुसऱ्या एखाद्या संघाने तोच डाव लिलीवर टाकला असता, तर तो इतक्या खात्रीने हलला असता का, याची मला शंका आहे. लोम्बार्डींचा सरळपणा हुलीच्या विरुद्ध नव्हता. तो हुलीचं भांडवल होता.

दुसरा आक्षेप अभ्यासकांकडून येतो. अलीकडे आकडेवारी तपासणाऱ्यांना असं दिसलं की धाव दाखवून चेंडू फेकण्याची युक्ती, जिला ‘प्ले अॅक्शन’ म्हणतात, ती त्या संघाची त्या दिवसाची धाव चांगली असो वा वाईट, जवळपास तितकीच चालते. मग ‘आधी खरं धावून दाखवा, मग हूल द्या’ हा माझा मुद्दा कोसळतो का? मला वाटतं, तो कोसळत नाही, मोठा होतो. लाइनबॅकरचा विश्वास त्या दिवशीच्या तीन तासांत तयार होत नाही. शाळेच्या संघापासून हजारो वेळा त्याने पाहिलेलं असतं की भिंत अशी कलली, बॅकच्या पोटाशी चेंडू असा गेला, की धाव येते. आजचा संघ धावण्यात कच्चा आहे हे त्याच्या डोक्याला कळतं, पण पायांना कळत नाही. आणि पहिलं पाऊल पाय टाकतात. शिवाय एकदा जरी त्याने धावेकडे काणाडोळा केला तरी शिक्षा मोठी असते. म्हणजे खरेपणाची शिल्लक एका संघाच्या खात्यात नसली तरी अख्ख्या खेळाच्या खात्यात असते, आणि हूल देणारा ती उसनी घेतो. फक्त, खरं कुठेतरी जमा झालेलं असावंच लागतं.

जिथे ते मुळीच जमा नसतं, तिथे काय होतं याचा नमुनाही आहे. १८ ऑक्टोबर २०१५ला इंडियानापोलिस कोल्ट्स न्यू इंग्लंड पेट्रियट्सविरुद्ध सहा गुणांनी मागे होते. चौथा प्रयत्न, तीन यार्ड बाकी, आपल्याच ३७ यार्डांच्या रेषेवर. कोल्ट्सच्या जवळपास सगळ्या खेळाडूंनी एकदम उजव्या कडेला जाऊन रांग धरली. चेंडूपाशी उरले दोघेच: एक सेंटरच्या जागी, एक त्याच्यामागे. पेट्रियट्स गोंधळून चुकतील, नाही चुकले तर चेंडू खेळायचाच नाही, असा बेत. समोर पेट्रियट्सचे अनेक जण उभे होते, तरी चेंडू मागे दिला गेला, आणि तो घेणारा जागच्या जागी लोळवला गेला. वर चुकीच्या मांडणीबद्दल पंचांनी दंडाचा रुमालही टाकला. सामना कोल्ट्स २७–३४ असा हरले. याला लोक ‘ट्रिक प्ले’चा पराभव म्हणतात. माझ्या मते यात ट्रिकच नव्हती. त्या मांडणीबद्दल समोरच्याचा कुठलाही समज नव्हता, म्हणून चुकीचा समज करून द्यायलाही जागा नव्हती. विचित्र दिसणं म्हणजे फसवणं नव्हे. विचित्र दिसलं की माणूस सावध होतो. फसतो तो ओळखीचं दिसल्यावर.

याच्या शेजारी ४ फेब्रुवारी २०१८चा सुपर बोल ठेवून पाहावा. फिलाडेल्फिया विरुद्ध न्यू इंग्लंड, पूर्वार्धाचे ३८ सेकंद उरलेले, चौथा प्रयत्न आणि गोलरेषा यार्डभरावर. ईगल्सचा क्वार्टरबॅक निक फोल्स आपल्या जागेवरून पुढच्या भिंतीपाशी चालत गेला, खेळाडूंना काहीतरी ओरडून सांगत. क्वार्टरबॅक हे दर सामन्यात कितीतरी वेळा करतो, म्हणून त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. तो तिथे असतानाच चेंडू थेट कोरी क्लेमेंटकडे गेला, त्याने तो उलट दिशेने येणाऱ्या ट्रे बर्टनला दिला, आणि बर्टनने गोलक्षेत्रात एकट्या उभ्या फोल्सकडे फेकला. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो, झेलत नाही, हे त्या क्षणापर्यंतचं खरं होतं. ईगल्सनी सामना ४१–३३ असा जिंकला. या डावात चार जणांनी चेंडू हाताळला, पण त्याचा प्राण त्या चार पावलांच्या साध्या चालण्यात होता.

तिसरा आक्षेप नीतीचा. खेळाडूने ताकद आणि कौशल्य दाखवावं. फसवणं कसलं आलंय खेळात? हा प्रश्न या खेळाने शंभर वर्षांपूर्वीच गांभीर्याने घेतला होता. ३१ ऑक्टोबर १९०३ला कार्लाइल इंडियन स्कूलचा संघ हार्वर्डशी खेळला. पेनसिल्व्हेनियातली ही सरकारी निवासी शाळा मूळ अमेरिकी जमातींच्या मुलांना घरापासून, भाषेपासून तोडून ‘सुधारण्या’साठी काढलेली होती. पोरं अंगाने लहान, समोर देशातल्या बलाढ्य विद्यापीठाचा संघ. प्रशिक्षक पॉप वॉर्नर यांनी चार्ली डिलनच्या जर्सीत इलॅस्टिक शिवून घेतलं होतं. उत्तरार्ध सुरू होताना आलेला चेंडू जिमी जॉन्सनने झेलला, सगळे त्याच्याभोवती गोळा झाले, चेंडू डिलनच्या पाठीवर जर्सीत गेला, आणि मग सगळे पोटाशी चेंडू धरल्यासारखे चहूकडे पांगले. डिलन मात्र दोन्ही हात मोकळे सोडून सरळ गोलरेषेपर्यंत पळाला. मोकळ्या हातांच्या माणसाला कोण धरणार? हार्वर्डने सामना १२–११ असा जिंकला, आणि चेंडू कपड्यात लपवण्याला पुढे मज्जाव झाला.

म्हणजे खेळाने सगळ्या फसवणुकीला मान्यता दिलेली नाही. त्याने रेघ आखली आहे, आणि ती सतत तपासली आहे. १९८४च्या ऑरेंज बोलमध्ये नेब्रास्काच्या क्वार्टरबॅकने चेंडू मुद्दाम जमिनीवर ठेवला आणि गार्ड डीन स्टाइनकुलरने तो उचलून १९ यार्ड धावत टचडाउन केला. अशा खेळीवर महाविद्यालयीन फुटबॉलने नंतर बंदी घातली. जानेवारी २०१५मध्ये पेट्रियट्सनी बाल्टिमोरविरुद्ध एका चपळ खेळाडूला ‘हा चेंडू घेण्यास अपात्र’ असं पंचांना नियमाप्रमाणे कळवून कडेजवळ उभं केलं. बचावपटू त्याच्यावर लक्ष ठेवत राहिले. काही आठवड्यांतच नियम बदलला. स्नॅप झाल्याचा आभास होईल अशी आक्रमणाची अचानक हालचाल तर कायमची निषिद्ध आहे. या साऱ्यामागे एक विचार मला दिसतो: चेंडू आहे की नाही, खेळ सुरू झाला की नाही, कोण खेळायला पात्र आहे, या गोष्टींबद्दल खोटं बोलायचं नाही, कारण त्यांच्यावर खेळ उभा आहे. आपण कुठे जाणार, यापुढे काय करणार, याबद्दल मात्र वाटेल तेवढं चकवावं. पहिल्या प्रकारात नियमावरचा विश्वास मोडतो, दुसऱ्यात फक्त प्रतिस्पर्ध्याचा अंदाज. ही रेघ मला न्याय्य वाटते.

आणि या रेघेच्या आत राहून दुबळ्याला बळ मिळतं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. १ जानेवारी २००७ला, जिथे पुढे चीफ्सनी ईगल्सना चकवलं त्याच ग्लेनडेलच्या मैदानावर, बॉइझी स्टेटचा संघ ओक्लाहोमासारख्या बलाढ्य विद्यापीठासमोर उभा होता. जादा वेळेत एका गुणाने मागे असताना त्यांनी बरोबरीवर समाधान न मानता दोन गुणांचा प्रयत्न केला. क्वार्टरबॅक जॅरेड झाब्रान्स्कीने उजवा हात उचलून उजवीकडे चेंडू फेकल्याचा आव आणला. चेंडू होता त्याच्या डाव्या हातात, पाठीमागे. इयन जॉन्सनने तो तिथून उचलला आणि डाव्या कोपऱ्यात मोकळा धावत गेला. ४३–४२. ‘स्टॅच्यू ऑफ लिबर्टी’ नावाची ही युक्ती शतकभर जुनी आणि सगळ्यांना ठाऊक होती. तरीही चालली, कारण क्वार्टरबॅकचा वर गेलेला हात ही आजही फेकीची सर्वांत खरी खूण आहे.

आता हा खेळ आपल्याही दाराशी आला आहे. ऑक्टोबर २०२३मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचं अधिवेशन मुंबईत भरलं होतं. तिथेच २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठी क्रिकेटबरोबर फ्लॅग फुटबॉललाही मंजुरी मिळाली. यात दोन्ही बाजूंना पाच-पाच खेळाडू असतात. कोणी कोणाला पाडत नाही, कमरेची पट्टी ओढली की धाव संपते, आणि अंगाने अडवायलाही परवानगी नाही. वाट मोकळी करून देणारी धिप्पाड भिंतच नसली की वाट काढायला वेग आणि हूल एवढंच उरतं. चणीने लहान पण चपळ पोरांना, खो-खो आणि कबड्डीवर पाय तयार झालेल्यांना, हा खेळ परका वाटू नये. फक्त तो शिकवणाऱ्यांनी क्रम उलटा करू नये. चित्रफितीतले चमकदार चकवे आधी शिकवायचा मोह होतो. पण पोरांनी आधी तीच सरळ धाव, तोच आडवा वेग, हातातून हातात तसाच जाणारा चेंडू, शंभर वेळा जसाच्या तसा करावा, इतका की समोरचा डोळे मिटून सांगेल की आता काय येणार. तो तसं सांगायला लागला, की त्या दिवशी पहिली हूल शिकवावी.